दुसऱ्यांचे वाडे

विलायतेला जाऊन आलेल्या माणसापासून चार पावले दूर राहावे, असे आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत एक मत आहे. असा माणूस आधी तिथल्या थंडीबद्दल बोलतो, मग तिथल्या रस्त्यांबद्दल बोलतो, आणि तास संपल्याची घंटा होईपर्यंत ऐकणाराला स्वतःच्या गावाची लाज वाटू लागते. मी परत येऊन शाळेत पाऊल टाकले तेव्हा माझ्या साऱ्या सहकारी भगिनी माना खाली घालून वह्या तपासत होत्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात तपासायला वह्या कुठल्या असणार? पण मी समजले आणि गप्प बसले. तेव्हा जे सांगायचे राहिले ते आज फराळाच्या ताटाबरोबर तुमच्यापुढे ठेवते. रस्त्यांबद्दल अवाक्षर काढणार नाही, एवढे वचन देते. बोलणार आहे ते तिथल्या वाड्यांबद्दल. आणि खरे सांगायचे तर त्यांच्या आडोशाने आमच्याच वाड्याबद्दल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी इंग्लंडात डार्बीला, माझ्या थोरल्या भावाकडे, गेले. हौस म्हणून जाते आहे, असे मी गावात सर्वांना सांगितले होते. पण माझ्या पेटीच्या तळाशी, आईने दिलेल्या मेतकुटाच्या डब्याखाली, एक निळी फाईल होती. तिच्यात आमचा वाडा विकण्याचे कागद होते आणि त्यांच्यावर दादाची सही हवी होती. टपालानेही हे काम झाले असते, असे तुम्ही म्हणाल. पण गेले वर्षभर दादा माझ्या बाकीच्या सर्व पत्रांना उत्तरे देत होता आणि या एका विषयावर मौन पाळून होता.

वाडा म्हटल्यावर शनिवारवाडा डोळ्यांपुढे आणू नका. वाईजवळच्या कृष्णाकाठच्या एका गावात आमचे दोन चौकांचे जुने घर आहे. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडे, आणि वर आमच्या वडिलांची माडी. बापू गेल्यावर तिथे राहिलो आम्ही दोघीच, आई आणि मी. मी मॅट्रिक झाले, चित्रकलेची पदविका घेतली आणि गावापासून जवळच्याच शाळेत ड्रॉइंगची मास्तरीण म्हणून लागले, त्यामुळे घराची किल्ली आपोआप माझ्या कमरेला आली. दर वैशाखात शाकारणी करायची. तिला माणूस मिळवायचा, तो मिळाला तर कौले मिळवायची, आणि दोन्ही जमून आले की दुसऱ्या दिवशी वानरांची टोळी येऊन त्यावर नाचून जाणार! तुळयांना वाळवी लागलेली. माडीच्या मधल्या तुळईला तीन वर्षे टेकू दिलेला.

गंमत अशी की, माझ्या दोन्ही कादंबऱ्या वाड्यातच घडतात. ‘वाडा अगदी जिवंत उभा केलात’ असे एका वाचकभगिनीने मला कौतुकाने लिहिले होते. ते पत्र मी वाचले त्या दिवशी आमच्या माजघरात चार पातेली मांडलेली होती, आणि चारही भरत आली होती. कादंबरीतला वाडा उभा करायला रीमभर कागद पुरतो. त्याची शाकारणी करावी लागत नाही.

दादाला घर सोडून बावीस वर्षे झाली. विमानांची इंजिने बनविणाऱ्या एका कारखान्यात तो मोठ्या हुद्द्यावर आहे. वाडा विकायचा नाही, हे त्याचे ठाम मत. मी पोचले त्याच रात्री फाईल काढली, तर तो म्हणाला, “अगं, सही कुठे पळून जात नाही. आधी तुला इथले वाडे दाखवतो. लोक कसे जपतात ते बघ, आणि मग बोल.”

मी म्हटले, “दाखव. मीही बघते.”

वहिनी मला थट्टेने ‘वन्सं’ म्हणते. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “वन्सं, पायांत चांगले जोडे घाला. तुमचे भाऊ वाडा दाखवायला नेतात तेव्हा वाटेत चार मैल शेत तुडवावे लागते.”

आणि तसेच झाले. त्या देशात दर शनिवार-रविवारी माणसे घरातून बाहेर पडतात ती काही विशेष करण्यासाठी नव्हे. चालायचे, थांबायचे, कुरणातली मेंढरे बघायची, एखाद्या झाडाखाली थर्मासमधला चहा प्यायचा आणि संध्याकाळी दमून घरी यायचे. मे महिन्यात तर ही संध्याकाळ संपता संपत नाही. रात्री नऊ वाजले तरी बाहेर ऊन रेंगाळलेले. दिवेलागण केव्हा समजावी, या विवंचनेत मी पहिले दोन दिवस देवापुढे निरांजन लावायचेच विसरले.

पहिल्या शनिवारी आम्ही टिसिंग्टन नावाच्या खेड्यात गेलो. डार्बीशायरच्या त्या डोंगराळ भागात शेताशेतांमधून चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे मैलोन्‌मैल गेले आहेत. हुबेहूब आपल्या कोकणातल्यासारखे. गडग्याला मधूनच लाकडी फळ्यांच्या दोन पायऱ्या असतात. त्यांवरून चढायचे आणि पलीकडच्या शेतात उतरायचे. शेत कोणाचेही असो, पायवाटेने जाण्याचा हक्क सर्वांचा! पहिल्यांदा मी दोन्हीकडे पाहून चोरासारखी उतरले. आमच्याकडे दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला तर तलाठ्यापर्यंत प्रकरण जाते. दादाने सांगितले की, हा हक्क इथेही सुखासुखी मिळालेला नाही. उघड्या माळरानावरही धनिकांचे राखणदार लोकांना फिरकू देत नसत. 1932 साली मँचेस्टरकडचे शेकडो कामकरी तरुण किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास घडला. पुढे 1949 साली कायदा झाला, आणि 1951 साली ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते याच डोंगरांचे.

टिसिंग्टनमध्ये त्या आठवड्यात विहिरींचा सण होता. ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. त्या वेळी गावकरी आपल्या झऱ्यांना आणि विहिरींना फुलांनी सजवतात. मोठ्या लाकडी चौकटी आधी पाण्यात भिजत घालायच्या, त्यांवर ओली चिकणमाती थापायची, तिच्यावर चित्र आखून घ्यायचे आणि मग पाकळ्या, शेवाळ, झाडाची साल, बिया असे एकेक टिपून रंग भरायचे. आपली रांगोळीच, फक्त उभी धरलेली! मी चित्रकलेची शिक्षिका. नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहू लागले. शेजारी त्याच गावची एक म्हातारी खुर्ची टाकून राखणीला बसली होती. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी तिला विचारले, “पाऊस आला तर काय होते?” ती हसली. म्हणाली, “म्हणून तर पाकळ्या खालून वर लावत जायच्या. वरची पाकळी खालचीवर थोडी यायला हवी, म्हणजे पाणी ओघळून जाते. घरावरच्या कौलांसारखे.”

मी दादाकडे पाहिले. “ऐकलंस? खालून वर. तुला ठाऊक होते का, कौले कुठून लावायला घेतात ते?”

“मला काय ठाऊक असणार? बापू मला वर चढू देत नसत.”

“मलाही नव्हते देत,” मी म्हटले. “मी त्यांच्यामागून शिकले.”

झाले. पहिल्या दिवसाचा आनंद तिथे किंचित नासला. वहिनीने शहाणपणाने दशम्यांचा डबा उघडला.

दुसऱ्या रविवारी केडलस्टन हॉल. डार्बी शहरापासून अगदी जवळ. हे कर्झनांचे घर. होय, तेच ते, 1899 ते 1905 या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड कर्झन. शाळेत त्यांच्या नावापुढे बंगालची फाळणी, 1905, एवढेच आपण पाठ केलेले असते. मनात एक अढी घेऊनच मी त्या दारातून आत शिरले, आणि आतला दिवाणखाना पाहून क्षणभर अढी विसरले. स्थानिक खाणींतल्या, तांबूस शिरा असलेल्या दगडाचे वीस उंच खांब, आणि वरून झिरपणारा प्रकाश. रॉबर्ट ॲडम या वास्तुशिल्पकाराची ही करामत. 1759 साली काम सुरू झाले. घराला चारी कोपऱ्यांना चार पंख जोडायचे असा बेत होता, पण बांधून झाले दोनच. आता योगायोग पाहा. पुढे कलकत्त्यात गव्हर्नर जनरलसाठी जो प्रासाद 1803 साली पुरा झाला, त्याचा नमुना म्हणून हेच घर घेतले होते, आणि तिथे मात्र चारही पंख बांधले गेले! म्हणजे मालकाला आपल्या गावी जे पुरे करता आले नाही, ते हिंदुस्थानात पुरे झाले. कोणाच्या पैशांनी, ते निराळे सांगायला नको. शंभर वर्षांनी याच घरातला मुलगा व्हाइसरॉय होऊन त्या दुसऱ्या घरात राहायला गेला. त्याला तिथे परके वाटले नसणार. वाटायला हवे होते.

खाली एका दालनात त्यांनी पूर्वेकडून आणलेल्या वस्तू मांडल्या आहेत. त्यांच्या पत्नीने 1903 च्या दिल्ली दरबारानंतरच्या नाचाला घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही या घराचाच. त्यावरची जरी दिल्लीच्या कारागिरांनी भरलेली. त्या कारागिरांची नावे आता कोणाला ठाऊक असणार? मी बराच वेळ त्या टाक्यांचा विचार करीत राहिले.

“पण एक गोष्ट लक्षात घे,” दादा म्हणाला. आपली बाजू मांडायची असली की तो दोन्ही हात मागे बांधतो, अगदी बापूंसारखे. “हिंदुस्थानात जुन्या इमारतींच्या रक्षणाचा 1904 चा कायदा याच माणसाने केला. इथे परत आल्यावर टॅटरशॉलची मोडकळलेली गढी 1911 साली विकत घेतली. तिच्यातल्या दगडी शेगड्या उचकटून परदेशी पाठवायला निघाल्या होत्या. त्या शोधून काढून परत बसवल्या. बंगाल तोडताना ज्याचा हात कचरला नाही, त्यालाही जुनी भिंत पडू देववली नाही!”

“आणि याच्याच पूर्वजांनी घरापुढे अडचण होते म्हणून जुने गाव उचलून पलीकडे नेऊन ठेवले, ते?” मी माहितीपत्रक त्याच्यापुढे धरले. तसे लिहिलेलेच होते. घराला लागून जुने चर्च तेवढे राहिले आहे, गाव गेले. “माणसे हलवून भिंती जपल्या, दादा.”

माझे पाय दुखू लागले होते. एका खोलीत सुंदर खुर्ची दिसली, तिच्याकडे वळले, तर बैठकीवर एक वाळलेले काटेरी बोंड ठेवलेले. ‘बसू नये’ अशी पाटी नाही, दोरी नाही. नुसते बोंड! सभ्यपणे नाही म्हणण्याची ही तऱ्हा मला फार आवडली. खिडक्यांचे पडदे अर्धे ओढलेले होते. खोलीची राखण करणारे पेन्शनर गृहस्थ म्हणाले की, ऊन रेशमाचा रंग खाते, म्हणून खोलीत किती उजेड येऊ द्यायचा तेसुद्धा मोजून ठरवतात. हे गृहस्थ पगारी नव्हते. आठवड्यातून एक दिवस केवळ हौसेने येऊन उभे राहत. मी त्यांना विचारले, “पावसाळ्याआधी छपरावर कोण चढतो?” ते माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, “बाईसाहेब, लोक मला इथे भुते आहेत का ते विचारतात. छपराचे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

मग त्यांनी सांगितले की, हे घर 1987 साली नॅशनल ट्रस्टकडे आले. ही संस्था 1895 पासूनची. जुनी घरे, बागा, समुद्रकिनारे यांची जपणूक करणारी. लाखो सभासदांच्या वर्गणीवर चालणारी. दादाकडे त्यांचे वार्षिक कार्ड होतेच. माझे तिकीट मात्र निराळे काढावे लागले होते. पौंडांचे मनातल्या मनात रुपये करायचे नाहीत, असे वहिनीने मला पहिल्या दिवशीच बजावले होते. मी करीत राहिले. त्या तिकिटात आमच्याकडे शेकडाभर कौले आली असती.

तिसऱ्या शनिवारी चॅट्सवर्थ. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा हा प्रासाद डरवेंट नदीच्या काठी आहे. लांबून, कुरणापलीकडे तो सोनेरी दगडाचा दिसला तेव्हा मीसुद्धा मोहरून गेले. नदीकाठी सतरंजी अंथरून आम्ही थालीपीठ आणि लसणाची चटणी खाल्ली. पाऊस भुरभुरला, आम्ही झाडाखाली गेलो. पाऊस थांबला, पुन्हा सतरंजीवर आलो. शेजारच्या मेंढीने आमच्याकडे पाहिले आणि चटणीच्या वासाने असेल, तोंड फिरवले.

या घरात मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिथल्या चित्रांत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, 1939 साली, वेल्समधली मुलींची एक शाळा इथे हलवली होती. सैनिकांपेक्षा शाळकरी मुली घर बरे राखतील, असा ड्यूकांचा हिशेब. राजेशाही दालनांत मुलींच्या खाटा मांडल्या आणि युद्ध संपेपर्यंत पेनरोस कॉलेज इथेच भरले. छतावर देवदेवतांची चित्रे, आणि खाली थंडीने कुडकुडत गणिते सोडवणाऱ्या मुली! मला माझा सातवीचा वर्ग आठवला. त्यांना या दालनात आणले तर पहिल्या दहा मिनिटांत छताकडे बघून कोणी काय म्हणेल, ते मी नावानिशी सांगू शकते.

दादा बागेत रमला. तिथले उंच कारंजे 1844 साली रशियाच्या झारसाठी म्हणून बांधले. डोंगरावर तळे खोदून, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी उडवायचे. कारंजे झाले, झार आलाच नाही. ते बांधणारा जोसेफ पॅक्स्टन हा तिथला माळी. पुढे 1851 चा लंडनचा क्रिस्टल पॅलेस त्यानेच उभारला. त्या आधी या बागेत त्याने काचेचे एक अवाढव्य घर केले होते, उष्ण देशांतली झाडे वाढवण्यासाठी. “ते कुठे आहे?” मी विचारले.

दादा जरा चाचरला. “नाही आता ते.”

माहितीपत्रकात होते. पहिल्या महायुद्धात त्या काचघराच्या भट्ट्यांना कोळसा मिळेना, झाडे मेली, आणि 1920 साली मालकांनी ते सुरुंग लावून पाडून टाकले. मग मी नेटाने पुढचे वाचून दाखवले. 1950 साली दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसा-कर शेकडा ऐंशी होता. तो भागवण्यासाठी जमिनी गेल्या, चित्रे गेली, आणि हार्डविक हॉल नावाचा त्यांचा दुसरा मोठा वाडाच्या वाडा सरकारला द्यावा लागला. ज्या किंडर स्काउटवरून ती माणसे हुसकावली गेली, तो डोंगरही याच घराण्याचा. 2002 साली, सत्तर वर्षांनी, अकराव्या ड्यूकांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली.

“विसाव्या शतकात या देशात असली हजाराहून अधिक घरे पाडली गेली, दादा. 1974 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यांचे प्रदर्शनच भरले होते. तू मला उरलेली दाखवतो आहेस.”

दादा काही बोलला नाही. परतताना गाडीत वहिनीने रेडिओ लावला.

चौथा आणि शेवटचा शनिवार. मंगळवारी माझे विमान होते. फाईल तशीच होती. दादा म्हणाला, “आज कॅल्क ॲबेला जाऊ. ते वेगळे आहे.”

नाव ॲबे असले तरी तो मठ नव्हे. जुन्या मठाच्या जागी 1701 ते 1704 च्या दरम्यान बांधलेले हे हार्पर-क्रू घराण्याचे घर. या घरातल्या पुरुषांना माणसांचा कंटाळा. त्यांच्यातले एक तर नोकरांशीसुद्धा चिठ्ठ्या लिहून बोलत. मोटारींना त्यांनी आपल्या आवारात बंदी केली होती. वीज आली ती 1962 साली. एक खोली निरुपयोगी झाली की दार लावून घ्यायचे आणि दुसरी वापरायला घ्यायची. टाकायचे मात्र काही नाही. 1981 साली मालक अचानक वारले. सुमारे ऐंशी लाख पौंड कर अंगावर आला, आणि 1985 साली घर ट्रस्टकडे गेले. बंद खोल्या उघडल्या तेव्हा चिनी रेशमाचे भरतकाम असलेला अठराव्या शतकातला पलंगपोस आणि पडदे खोक्यात जसेच्या तसे सापडले. उजेड कधी लागलाच नव्हता, त्यामुळे रंग कालच्यासारखे!

बाकीचे घर मात्र तसे नव्हते. 1989 साली लोकांसाठी ते उघडताना ट्रस्टने असे ठरवले की, छप्पर पक्के करायचे, पडझड थांबवायची, पण घर नव्याने सजवायचे नाही. सापडले तसेच ठेवायचे. म्हणून भिंतीवरचे कागद सुटून लोंबत असलेले, रंगाचे पोपडे, पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या पेट्यांवर पेट्या, एका खोलीत मोडक्या खुर्च्यांचा ढीग. मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत जुनी खेळणी. इतर वाड्यांत माणसे मोठ्याने बोलतात. इथे सगळे हळू बोलत होते, आजारी माणसाच्या खोलीत बोलावे तसे.

दादा एका दारात किती तरी वेळ उभा राहिला. आत एक लोखंडी खाट, तिच्यावर धुळकट पुस्तके, वर छताला ओल उतरल्याचा मोठा डाग. तो मागे न वळता म्हणाला, “आपली माडी अशीच दिसते का गं आता?”

मी खोटे बोलू शकले असते. चार वर्षे बोललेच होते. दर रविवारी फोनवर त्याला चेहरे आणि घर दाखवायचे, तर मी फोन तुळशीकडे धरायची, चौकातल्या जाईकडे धरायची, सारवलेल्या सोप्याकडे धरायची. “सगळं ठीक ना?” “हो, सगळं ठीक.” त्याने पैसे विचारले नाहीत, कारण मी कधी मागितले नाहीत. मी मागितले नाहीत, कारण त्याने आपणहून विचारावे असे मला वाटत होते. आणि एके दिवशी एकदम विक्रीचे कागद पाठवून दिले!

“नाही,” मी म्हटले. “इथे आत जाता येते. आपल्या माडीत पाय ठेवता येत नाही. तुळई खाली आली आहे. बापूंची पुस्तके आम्ही दोन वर्षांपूर्वीच खाली आणली. अर्धी वाळवीने खाल्ली होती.”

“मला सांगितलं नाहीस.”

“नाही सांगितलं.”

घरातून बाहेर पडण्याची वाट एका बोगद्यातून आहे. जमिनीखालून गेलेला विटांचा लांब, थंड बोगदा. नोकरमाणसांना मालकांच्या नजरेपुढून जावे लागू नये म्हणून असे बोगदे केलेले. बागेच्या माळ्यांसाठीही असाच एक आहे. आम्ही दोघे पुढेमागे चालत होतो. मध्यावर मी थांबले. म्हटले, “दादा, वाडा तुम्हा सगळ्यांना छान दिसतो ना, तो या बोगद्यातून जाणाऱ्या माणसांमुळे. बावीस वर्षे मी या बोगद्यात आहे.”

त्या अंधारात त्याचा चेहरा मला दिसला नाही. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली, एवढेच.

बाहेर आलो तर ऊन पडले होते. आवारात एक ओकचे झाड आहे, हजार वर्षांहून जुने. बुंधा पोकळ, बऱ्याच फांद्या गेलेल्या, आणि उरलेल्या फांद्यांवर कोवळी पाने. आम्ही त्याच्याजवळ बसलो. वहिनीने चहा ओतला. कोणी काही सिद्ध करायच्या फंदात पडले नाही. चार आठवड्यांत तो पहिलाच चहा असा झाला.

त्या रात्री साडेनवाच्या उजेडात दादाने निळी फाईल मागून घेतली. सगळे कागद वाचले. सही केली नाही. एका कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ ओढली आणि म्हणाला, “सांग. काय राखता येईल, आणि काय सोडून द्यावे लागेल? तू सांगायचेस, मी लिहायचे.” रात्री एकपर्यंत आम्ही लिहीत होतो. डाव्या बाजूला सोपा, माजघर, पुढचा चौक. उजव्या बाजूला परडे, मागची पडवी. माडी कोणत्या बाजूला लिहायची, याच्यावर मात्र दोघेही अडलो. शेवटी त्यानेच ती उजवीकडे लिहिली. अक्षर जरा वाकडे आले.

पुढच्या मे महिन्यात दादा महिन्याची रजा काढून आला. परडे चुलतभावाला दिले, त्याचे आलेले पैसे छपराला लावले. कौलांखाली पत्रा टाकून घेतला. शाकारणीच्या गड्याबरोबर दादा स्वतः छपरावर चढला आणि पहिल्याच दिवशी त्याने अकरा कौले फोडली. “इंजिनेरसाहेब, तुम्ही खाली उभे राहून कौले द्या,” असे गड्याने सांगितले तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसत होती. चौथ्या दिवसापासून मात्र त्याला वर राहू दिले. खालून वर, एकेक.

माडी उतरवली तो दिवस चांगला गेला नाही. दोन तुळया चांगल्या निघाल्या, त्या माजघराला घातल्या. बाकीचे सागवान व्यापारी घेऊन गेला. बापू ज्या खिडकीशी वाचत बसायचे तिची चौकट दादाने काढून ठेवली. ती सोप्याच्या भिंतीला टेकवून उभी आहे. तिचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. मोकळ्या झालेल्या जागेकडे आई संध्याकाळपर्यंत बघत होती. मग म्हणाली, “चौकात ऊन जास्त यायला लागलंय. वाळवण घालायला बरं झालं.” आणि आत जाऊन तिने कुकर लावला.

वाडा वाचला, असे मी म्हणणार नाही. अर्धा वाचला. किती वर्षे, तेही सांगता येत नाही. आमच्यामागे त्याचा सांभाळ कोण करील, हा प्रश्न मोठमोठ्या ड्यूकांना सुटला नाही, तो आम्हांला कुठून सुटणार? पण या दिवाळीत पुढच्या चौकातल्या सगळ्या कोनाड्यांत पणत्या लागतील, आणि त्यांचे तेल कोणी आणायचे याची चिंता मी एकटीने केलेली नाही.

परवाच्या परतीच्या पावसात माजघराच्या कोपऱ्यात एके ठिकाणी थेंब टपकू लागला. नेमका रविवार होता. दादाचा फोन आला तेव्हा मी उठले, तुळशीवरून, जाईवरून पुढे गेले, आणि फोन आधी त्या कोपऱ्यातल्या पातेल्याकडे धरला.